शिडाच्या नौकेवरील संसार

अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरींना पाणी लागते. पण ते खारट असल्यामुळे तहान भागवीत नाही. वऱ्हाडापासून समुद्र फार दूर असला, तरी दर्यावर्दी माणसाची पहिली अडचण येथील मुलांना सहज समजेल. त्याच्या चोहोंकडे पाणीच पाणी असते. पिण्याचे पाणी मात्र त्याला मोजूनमापून वापरावे लागते.

महासागरातील नौकांची शर्यत मैदानावरील शर्यतीप्रमाणे काही मिनिटांत संपत नाही. ती महिनोन्‌महिने चालते. इ. स. १९६८ मध्ये अशी एक शर्यत सुरू झाली. एकट्यानेच, कोणत्याही बंदरात न थांबता आणि कोणाचेही साहाय्य न घेता शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावयाची होती. या शर्यतीत नऊ दर्यावर्दी उतरले. त्यांपैकी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही नौका मुंबईत बांधलेली होती. तेथील कारागिरांनी १९६३-६४ मध्ये सागवानी लाकडातून ती घडवली होती. तिची लांबी अवघी ३२ फूट, म्हणजे शाळेतील एखाद्या वर्गखोलीएवढी! १४ जून १९६८ रोजी तिने इंग्लंडमधील फालमथ बंदर सोडले.

अशा नौकेवर एकाच माणसाला तांडेल, खलाशी, सुतार, शिंपी आणि स्वयंपाकी व्हावे लागते. दोर झिजला आहे काय, शीड उसवले आहे काय, हे त्याला रोज पाहावे लागते. तळाशी साचलेले पाणी पंपाने उपसावे लागते. दुपारी सेक्स्टंट नावाच्या कोनमापक यंत्राने सूर्याची उंची मोजून नौका कोठे आहे हे ठरवावे लागते, आणि त्याची नोंद वहीत करावी लागते. हेलकावणाऱ्या नौकेत चूल पेटवून डब्यांतील अन्न गरम करणे हीसुद्धा कसरतच असते. रात्रभर सलग झोप ठाऊकच नसते. वारा फिरला की उठलेच पाहिजे.

प्रवासाच्या आरंभीच सुहेलीत प्रमाणाबाहेर पाणी शिरू लागले. नॉक्स-जॉन्स्टन यांनी समुद्रात बुडी मारून पाहिले, तेव्हा तळाच्या फळ्यांच्या सांध्यात फट पडलेली आढळली. श्वास रोखून पाण्याखाली थोडाच वेळ काम करता येई. म्हणून फटीत नुसता कापूस ठासणे जमेना. मग त्यांनी किंतानाच्या लांब पट्टीवर कापूस शिवला, तिला डांबर लावले आणि ती पट्टी तांब्याच्या लहान खिळ्यांनी फटीवर ठोकली. वऱ्हाडच्या शेतांत पिकतो तसल्या मऊ कापसाने महासागराची वाट अडवली!

पुढे दक्षिणेकडील महासागरात प्रचंड वादळ झाले. नौका आडवी झाली आणि पिण्याच्या पाण्याच्या टाक्या दूषित झाल्या. तेव्हा शिडावरून ओघळणारे पावसाचे पाणी साठवून त्यांनी तहान भागवली. त्यानंतर नौकेची दिशा आपोआप सांभाळणारे यंत्र मोडले. रेडिओही बंद पडला. कित्येक महिने त्यांची वार्ता कोणालाच कळली नाही. तरीही दोर तपासणे, पाणी उपसणे आणि नोंद करणे ही नित्याची कामे त्यांनी सोडली नाहीत. ती एक दिवस टाळली असती, तर लहान बिघाडाचे मोठे संकट होण्यास वेळ लागला नसता.

सुमारे ३०,००० मैलांचा प्रवास करून २२ एप्रिल १९६९ रोजी, म्हणजे ३१२ दिवसांनी, सुहेली फालमथला परतली. नऊ जणांपैकी शर्यत पूर्ण करणारे ते एकटेच होते. याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट यांचा अंत झाला होता. बक्षिसाचे ५,००० पौंड नॉक्स-जॉन्स्टन यांनी त्यांच्या कुटुंबाला देऊन टाकले.

पुढे भारतीय नौदलातील दिलीप दोंदे यांनी नॉक्स-जॉन्स्टन यांचे मार्गदर्शन घेतले. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून ते ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून निघाले. वाटेत चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये ते मुंबईला परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत.