टचस्क्रीन लॅपटॉप घेण्यापूर्वी

बँकेत असताना कर्जाचा अर्ज समोर आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असे : पैसा कशासाठी हवा? अर्जदाराचे उत्तर गुळमुळीत असले, तर पुढचे कागद चाळण्यात अर्थ नसे. लॅपटॉप खरेदी करतानाही हाच प्रश्न प्रथम विचारावा, हे मला घरच्याच एका अनुभवाने पटले.

सांगलीला माझ्या धाकट्या बंधूंचे भांड्यांचे दुकान आहे. वृद्ध दिवाणजी कामावरून निवृत्त झाले आणि हिशेब सांभाळण्याची जबाबदारी भावजयीने हौसेने स्वीकारली. मोबाइलची सवय असल्याने टचस्क्रीन सोपा जाईल, या विचाराने 30,000 रुपयांच्या आतील छोटा टचस्क्रीन लॅपटॉप घरात आला. रॅम 4 जीबी, साठवण 64 जीबी. विंडोज 11 साठी नेमकी एवढीच किमान अट आहे. परंतु ती चालू होण्याची अट आहे, सुखाने काम करण्याची नव्हे.

चार महिन्यांत साठवणीची जागा भरली. जीएसटीचे 3बी विवरणपत्र भरण्याची 20 तारीख आली आणि त्याच दिवशी अपडेट अर्ध्यावर अडकले. विवरणपत्र दुसऱ्या दिवशी गेले. विलंबशुल्क दिवसाला 50 रुपये आणि कराच्या रकमेवर व्याज. रक्कम किरकोळ होती. परंतु भावजय म्हणाली, “दादा, हे काम माझ्याच्याने व्हायचे नाही.” नुकसान झाले ते येथे. दोष यंत्राच्या निवडीचा, आणि तो तिने स्वतःच्या माथी घेतला!

मी तिच्या शेजारी बसून दोन दिवस तिचे काम पाहिले. टॅलीमध्ये विक्रीसाठी एफ8, खरेदीसाठी एफ9; सारे काम बोटांनी कळफलकावरच होते. पडद्याला तिने क्वचितच हात लावला. तिला खरी गरज होती ती मोठ्या पडद्याची आणि उजवीकडच्या वेगळ्या अंककळांची.

मर्यादित रकमेत टचस्क्रीन घेतला की त्याची किंमत अन्यत्र वसूल होते : रॅम कमी, साठवण संथ, पडदा लहान. शिवाय असे पडदे बहुधा चकचकीत असतात. दुकानातील दिव्यांचे प्रतिबिंब त्यांत पडते. म्हणून दुकानाच्या हिशेबासाठी क्रम असा ठेवावा : रॅम किमान 8 जीबी, साठवण एसएसडी, किमान 256 जीबी, पडदा 15.6 इंची, अंककळा. डिजिटल स्वाक्षरीचा टोकन वापरत असाल, तर तो लावण्याचे यूएसबी पोर्टही पाहावे. एवढे होऊन पैसे उरले, तरच टचस्क्रीन. स्वस्त क्रोमबुकचा मोह होतो. परंतु टॅली हा विंडोजवर बसवण्याचा प्रोग्राम आहे, हे विसरू नये.

व्यापारी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. लॅपटॉपवर 18 टक्के जीएसटी लागतो. वापर व्यवसायासाठी असेल, तर बिलावर फर्मचा जीएसटी क्रमांक घालून घ्यावा. नियमांनुसार त्याची वजावट मिळते. घरगुती वापराच्या यंत्रावर मात्र ती घेऊ नये.

भावजयीसाठी मग साधा, टचस्क्रीन नसलेला, 8 जीबीचा लॅपटॉप घेतला. त्यानंतरचे प्रत्येक विवरणपत्र तिने स्वतः आणि मुदतीच्या आत भरले आहे.

आणि तो जुना टचस्क्रीन? त्यातील दुकानाचे सारे काढून तो आईला दिला. वय 84, माऊस तिच्या हातात ठरत नाही. दोन बोटांनी अक्षर मोठे करून ती वाचते आणि पडद्यावर बोट टेकवून पुण्याच्या पणतीशी बोलते. तिच्यासाठी तेच यंत्र अगदी योग्य ठरले.

तात्पर्य, दुकानदाराला “हा लॅपटॉप कसा आहे?” असे विचारण्यापूर्वी, जो तो वापरणार आहे त्याच्याजवळ आठवडाभर बसावे आणि त्याचे काम कागदावर लिहून काढावे. निवड करणे मग अवघड राहत नाही.