भंगारातल्या मोटारीतून वीज

वीज दिली की मोटार फिरते. हाताने फिरवली की तीच वीज देते. मात्र आत लोहचुंबक हवेत. घरच्या साध्या पंख्यात ते नसतात, फिरत्या भागात बसवावे लागतात. आफ्रिकेतल्या मलावीत विल्यम कामक्वांबाची शाळा दुष्काळात फीअभावी सुटली. तो वाचनालयात जाऊन बसला! २००२ साली ट्रॅक्टरचा पंखा, सायकलची चौकट आणि डायनॅमो जोडून त्याने पवनचक्की उभारली. घरात दिवे लागले. तेव्हा बंधूभगिनींनो, वस्तीतली पोरे भंगारातून डीसी मोटार आणतील तर रागावू नका. फक्त बॅटरीच्या वाटेत डायोड घालायला सांगा. नाहीतर वारा पडला की बॅटरीच मोटार फिरवत बसते आणि सकाळी रिकामी होते.