गाडीआधीची बोट

आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅन या बेटावर डग्लस ते पोर्ट एरिन ही आगगाडी आजही वाफेवर धावते. तीन फुटी रूळ, जेमतेम पंचवीस किलोमीटरचं अंतर, तासाभराचा रमतगमत प्रवास. ताफ्यातलं ‘लॉख’ हे इंजिन मँचेस्टरच्या बायर पीकॉक कारखान्यातून १८७४ साली आलं आणि अजून कामावर आहे. गाडीचं तिकीट फारसं जड नाही. जड आहे ते डग्लसच्या फलाटापर्यंत पोचणं. बेटाला ना पूल, ना बोगदा. या रेल्वेचा इतिहास बहुतेक वेळा इंजिनांच्या नावांनी आणि क्रमांकांनी सांगितला जातो. खरं तर तिचे बरेवाईट दिवस बोटींच्या वेळापत्रकात आणि भाड्यात जास्त स्पष्ट दिसतात.

बोट आधी आली. आइल ऑफ मॅन स्टीम पॅकेट कंपनी १८३० सालची आणि तिची पहिली बोट ‘मोनाज आइल’ त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सुटली. महिनाभरात लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली आणि पुढे लोहमार्ग वाढत गेले, तशी लँकेशायरची गिरणगावं बंदराच्या आवाक्यात आली. या गावांत ‘वेक्स वीक’ नावाची प्रथा होती. एका गावच्या साऱ्या गिरण्या आठवडाभर एकदम बंद, पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावच्या. बहुतेकांना या सुट्टीचा पगार मिळत नसे, म्हणून कामगार वर्षभर सुट्टीच्या भिशीत दर आठवड्याला चार पैसे टाकत आणि उन्हाळ्यात सहकुटुंब बोटीवर चढत. मुंबईच्या गिरणगावातला चाकरमानी बोटीने कोकण गाठायचा, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की कोकणची बोट घरी न्यायची, ही घरापासून लांब न्यायची.

या गर्दीच्या भरवशावर रेल्वे उभी राहिली. कंपनी १८७० ची. डग्लस-पील मार्ग १ जुलै १८७३ ला खुला झाला, पोर्ट एरिनचा १ ऑगस्ट १८७४ ला. १८७९ मध्ये दुसऱ्या एका कंपनीने रॅमझीपर्यंत रूळ नेले. मग १८९३ पासून किनाऱ्याने विजेची ट्राम धावू लागली आणि १८९५ मध्ये ६२१ मीटर उंचीच्या स्नेफेल शिखरापर्यंत विजेची डोंगरगाडीही गेली. तेव्हा पन्नास-पंचावन्न हजार वस्तीच्या बेटाला एवढ्या गाड्या कशाला हव्या होत्या? बेटवाल्यांना नव्हत्याच. हव्या होत्या त्या पाहुण्यांना.

भाड्याची लढाईही याच काळातली. १८८७ मध्ये एका नव्या कंपनीने ‘क्वीन व्हिक्टोरिया’ आणि ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या दोन वेगवान बोटी स्टीम पॅकेटसमोर उतरवल्या. भाडी कोसळली, प्रवाशांची चंगळ झाली. पण ती फार टिकली नाही. स्टीम पॅकेटने पुढच्याच वर्षी त्या दोन्ही बोटी विकत घेऊन टाकल्या. प्रतिस्पर्धी आला की त्याला गिळायचं, हा खेळ पुढच्या शतकातही दिसतो.

१९१३ च्या हंगामात बेटावर सहा लाखांहून जास्त माणसं उतरली, म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास बारा पट. १९०८ साली बांधलेली टर्बाइनवरची ‘बेन-माय-क्री’ लिव्हरपूल-डग्लस हे अंतर साधारण तीन तासांत कापत असे. आजची वेगवान बोट पावणेतीन तास घेते. शतकाहून जास्त काळात प्रवाशाच्या हाती पाव तास लागला.

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध पेटलं आणि नौदलाने बोटी मागून घेतल्या. ‘बेन-माय-क्री’ सी-प्लेन वाहणारं जहाज झाली आणि १९१७ मध्ये भूमध्य समुद्रात तोफांच्या माऱ्यात बुडाली. पाहुणे आटले. रेल्वेला गिऱ्हाईक मिळालं ते विचित्रच. पीलजवळ नॉकलो इथे शत्रुदेशांच्या नागरिकांसाठी छावणी उभी राहिली, तिथे वीस हजारांवर माणसं अडकवून ठेवली होती. त्यांच्या रसदीसाठी रुळांचा खास फाटा टाकावा लागला.

दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षं गर्दी परतली. पण लँकेशायरच्या गिरण्या एकेक करून थंडावत गेल्या आणि विमानाने स्पेनला जाऊन उन्हात पडून राहणं पगारदार माणसाच्या खिशात बसू लागलं. रेल्वेने काटकसर म्हणून १९६१ मध्ये आयर्लंडच्या डोनेगलमधून दोन जुने डिझेल डबे आणले, तेही अर्थात समुद्रावरूनच. खरा घाव मात्र बोटीनेच घातला. १९६२ मध्ये स्टीम पॅकेटची ‘मँक्स मेड’ आली, मोटारी आत घेणारी कंपनीची पहिली बोट. तोवर पाहुणा धक्क्यावर उतरला की हातात बॅग घेऊन स्टेशनाकडे वळायचा. आता तो स्वतःच्या गाडीत बसूनच बाहेर पडू लागला. रेल्वेच्या पडझडीचं खापर सहसा बस आणि रस्त्यांवर फुटतं, या बोटीचं नाव मात्र कमी निघतं.

१९६५ च्या नोव्हेंबरात गाड्या बंद झाल्या त्या ‘तात्पुरत्या’. १९६६ मध्ये एकही धावली नाही. त्यात त्या उन्हाळ्यात ब्रिटिश खलाशांचा संप झाला, बेटाचा हंगाम बुडाला आणि टीटी मोटरसायकल शर्यती ऑगस्टअखेरपर्यंत पुढे ढकलाव्या लागल्या. मग अवतरले स्कॉटलंडचे मार्क्वेस ऑफ एल्सा. हे गृहस्थ स्वतः एल्सा क्रेग नावाच्या खडकाळ बेटाचे मालक, तेव्हा बेटावर उद्योग करणं किती अवघड हे त्यांना ठाऊक असायला हवं होतं. त्यांनी रेल्वे भाड्याने घेऊन १९६७ च्या जूनमध्ये गाड्या पुन्हा सुरू केल्या. पील आणि रॅमझीच्या गाड्या १९६८ चा हंगाम संपताच कायमच्या थांबल्या. उरला पोर्ट एरिनचा मार्ग. मार्क्वेसही पाच वर्षांत बाजूला झाले.

यानंतर जे घडलं ते फार बोलकं आहे. पैसे वाचवायचे म्हणून १९७५ मध्ये गाडी फक्त कॅसलटाउन ते पोर्ट एरिन एवढीच ठेवली. १९७६ मध्ये एक पाऊल पुढे, बॅलसॅला ते पोर्ट एरिन. डग्लसकडचा तुकडा कापलेलाच. कागदावर हिशेब बिनचूक होता: अंतर कमी, कोळसा कमी, माणसं कमी. पण बोट लागते डग्लसला, हॉटेलं डग्लसला, पाहुणे डग्लसला. लाल विटांच्या त्या दिमाखदार स्टेशनात गाडीच नाही म्हटल्यावर आधी बस पकडून गाडीपर्यंत जायचं कोणी? प्रवासी पांगले. बेटाच्या १९७६ च्या निवडणुकीत रेल्वे हा प्रचाराचा मुद्दा झाला, १९७७ मध्ये गाडी पुन्हा डग्लसहून सुटली आणि १९७८ मध्ये बेटाच्या सरकारने रेल्वे विकत घेतली. विजेची ट्राम १९५७ मध्येच सरकारकडे आली होती. म्हणजे रूळ सगळे सरकारचे झाले. पाणी मात्र दुसऱ्यांच्याच ताब्यात राहिलं.

त्याच १९७८ मध्ये ‘मँक्स लाइन’ने हेशमहून मोटारवाहू बोट सुरू केली. सात वर्षांत दोन्ही कंपन्या एकत्र झाल्या आणि स्टीम पॅकेटने मुख्य बंदर लिव्हरपूलहून हेशमला हलवलं. ट्रकवाल्यांची सोय झाली. रेल्वेवेड्या पायी प्रवाशाची पंचाईत झाली, कारण भर शहरातल्या लिव्हरपूलच्या धक्क्याच्या जागी आता खाडीकाठचं आडगाव आलं, जिथल्या बंदर स्टेशनात दिवसाकाठी एखादीच आगगाडी येते, तीही बोटीची वेळ बघून. लिव्हरपूलच्या फेऱ्या नंतर परतल्या, पण मुख्यतः उन्हाळ्यापुरत्या.

१९९५ च्या करारान्वये सरकारने स्टीम पॅकेटला डग्लसचा धक्का वापरण्याचा खास हक्क दिला, बदल्यात किमान फेऱ्यांची हमी घेतली. असा बांधील धंदा म्हणजे गुंतवणूकदारांना कुरणच. २००३ मध्ये कंपनी १४.२ कोटी पौंडांना विकली गेली, २००५ मध्ये २२.५ कोटींना. नव्या मालकांनी काढलेल्या कर्जाची वसुली अखेर तिकिटातूनच व्हायची, ही बेटावरची जुनी कुरकुर, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. २०१८ मध्ये सरकारने सुमारे १२.४ कोटी पौंड मोजून कंपनीच ताब्यात घेतली. रेल्वे घेतल्यानंतर बोट घ्यायला चाळीस वर्षं लागली.

विमानाचा रस्ता सोपा दिसतो. रोनाल्ड्सवे विमानतळापासून थोडं चाललं की त्याच नावाचा चिमुकला थांबा आहे. तिथे उभं राहून हात केला तर वाफेची गाडी थांबते. विमानातून उतरून दीडशे वर्षं जुन्या रेल्वेला हात दाखवायची ही गंमत जगात फार ठिकाणी नसेल. पण विमान यायला हवं. १९८२ साली सुरू झालेली ‘मँक्स एअरलाइन्स’ २००२ मध्ये दुसऱ्या कंपनीत विरघळली. बेटाच्या मार्गांवर उडणारी ‘फ्लायबी’ मार्च २०२० मध्ये बुडाली आणि त्याच महिन्यात करोनामुळे बेटाने आपली दारं लावून घेतली. शिवाय धुकं. समुद्रदेव मनानन शत्रूपासून लपवण्यासाठी बेटावर आपला झगा पांघरतो, अशी दंतकथा आहे. वेगवान बोटीचं नावही ‘मनानन’च. ती टास्मानियात बांधलेली, काही वर्षं अमेरिकी सैन्याच्या सेवेत राहिलेली, आणि मोठ्या लाटा उसळल्या की धक्क्यालाच बांधून ठेवावी लागते.

मुंबईहून निघणाऱ्याला आधी ब्रिटनचा व्हिसा लागतो. बेट ब्रिटनचा भाग नाही, पण तो व्हिसा तिथे चालतो. लंडन किंवा मँचेस्टर गाठून पुढे लिव्हरपूल किंवा हेशमला जायचं. बोट रद्द झाली तर मुक्कामाचा एखादा दिवस वाढेल हे धरूनच परतीचं तिकीट काढायचं. मे अखेर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत टीटी शर्यती असतात. त्या दिवसांतली बोटीची तिकिटं आणि खोल्या कित्येक महिने आधीच भरतात, दर तर विचारूच नयेत. हिवाळ्यात भाडी जरा उतरतात, पण तेव्हा वाफेची गाडीच विश्रांती घेते. बेटावर सुटे पैसे म्हणून मिळालेल्या मँक्स पौंडाच्या नोटा तिथेच संपवाव्यात. किंमत ब्रिटिश पौंडाइतकीच असली तरी लिव्हरपूलचा दुकानदार त्या सहसा घेत नाही.

२०२३ मध्ये रेल्वेला दीडशे वर्षं झाली. त्याच वर्षी कोरियात बांधलेली ‘मँक्समन’ ही नवी बोट हेशमच्या फेऱ्यांवर रुजू झाली. जून २०२४ मध्ये लिव्हरपूलला बोटींसाठी नवा तळ उघडला. त्याचा खर्च फुगत फुगत सात कोटी पौंडांच्या पुढे गेला आणि तो आइल ऑफ मॅनच्या करदात्यांनी भरला. धक्का इंग्लंडच्या किनाऱ्यावर, पैसा बेटाचा. यावर तिथे भरपूर वाद झाले, अजूनही होतात.