गुलमर्गमध्ये गोल्फचा चेंडू जास्त लांब का जातो?

मुंबईत तुमचा शॉट १५० यार्ड जात असेल, तर गुलमर्गमध्ये तोच साधारण १६५ यार्ड जाईल. तुमची ताकद वाढलेली नसते, हवा विरळ झालेली असते.

गुलमर्गचा १८ होलचा कोर्स समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेची घनता मुंबईपेक्षा जवळपास २३ टक्के कमी. अडथळा घटतो, चेंडूचा वेग टिकतो. पण एक गंमत आहे. फटका बसल्यावर चेंडू उलटा फिरत जातो आणि हवाच त्याला वर उचलून धरते (चेंडूवरचे खळगे त्यासाठीही असतात). विरळ हवेत हा आधारही कमी पडतो. मग चेंडू तुलनेने सपाट येतो आणि ग्रीनवर पडल्यावर घरंगळत राहतो. त्यामुळे सेव्हन आयर्नच्या जागी एट आयर्न हातात घ्या.

आता बुकिंगचं. इथली आलिशान रिसॉर्ट चारही ऋतूंत पाहुणे घेतात, पण गोल्फ उन्हाळा ते शरद एवढाच. हिवाळ्यात कोर्स बर्फाखाली जातो, पर्यटक स्कीइंगला येतात. निदान तशी अपेक्षा असते. जानेवारी २०२४चे बरेच दिवस बर्फाविना गेले. २०२५मध्ये बर्फाअभावी खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेचा इथला टप्पा पुढे ढकलावा लागला.

बर्फ नाही, मग गोल्फ तरी? फारशी आशा नको. कडाक्याच्या थंडीत गवत वाढत नाही आणि गोठलेल्या ग्रीनवर पाऊल पडलं, तरी पाती तुटतात.