न मोजलेला जिल्हा

मध्य प्रदेशात २० जून २०२१ रोजी अवघ्या ६९२ जणांना कोरोनाची लस टोचण्यात आली. दुसऱ्या दिवशी, म्हणजे महाअभियानाच्या मुहूर्तावर, हाच आकडा सुमारे १७ लाखांवर गेला आणि देशात विक्रम झाला म्हणून भोपाळात जयजयकार झाला. तिसऱ्या दिवशी तो पाच हजारांच्याही खाली उतरला. पुढे काही दिवसांतच लस न घेतलेल्यांच्या हाती प्रमाणपत्रे पडल्याच्या तक्रारी आल्या. भोपाळमधील एका तेरा वर्षांच्या मुलाला तर छप्पन्न वर्षांचा ठरवून त्याच्या नावे लस दिल्याचा संदेश धाडण्यात आला होता. ज्या राज्याचा एका दिवसाचा आकडा असा फुगतो आणि असा आकसतो, त्या राज्याच्या दक्षिण टोकावरील दोन मराठी तालुक्यांत लस कोणी घेतली, कोणी नाकारली आणि साथीत किती माणसे गेली, हे कोणत्या कागदावरून ठरवायचे?

हे दोन तालुके म्हणजे पांढुर्णा आणि सौंसर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यातील ही मराठी मुलूखपट्टी मध्य प्रदेशातच राहिली. संत्र्याच्या बागा, कापसाची शेते, पोळ्याच्या पाडव्याला जांब नदीच्या पात्रात होणारी गोटमार, जामसावळीचा मारुती. सगळे वळण वऱ्हाड-नागपूरचे, कचेरी मात्र हिंदीची. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणे म्हणजे काय, हे गोमंतकातील वाचकांना निराळे सांगावयास नको. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. तेथील जनतेची ती जुनी मागणी होती आणि ती पुरी झाली याचा आनंदच आहे. परंतु या जिल्ह्याच्या नावावर साथीचा एकही आकडा नाही. साथ आली तेव्हा तो जिल्हाच नव्हता. त्याचे रुग्ण, त्याचे मृत, त्याच्या लशी, सारे छिंदवाड्याच्या बेरजेत विरघळून गेले.

आणि छिंदवाडा म्हणजे लहानसहान जिल्हा नव्हे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे २१ लाख होती आणि तीत एक तृतीयांशाहून अधिक आदिवासी होते. पाताळकोटच्या दरीतील भारिया, अमरवाडा-हर्रईकडील गोंड, परासियाच्या कोळसा खाणींतील कामगार, छिंदवाडा शहरातील नोकरदार आणि सौंसर-पांढुर्ण्याचा संत्रा बागाईतदार या सर्वांची मिळून एक सरासरी काढली की ती कोणाचीच राहत नाही. पाताळकोटात लस पोचली नसेल तर ते सौंसरच्या भरघोस आकड्याखाली झाकले जाते. सौंसरच्या एखाद्या वस्तीने दार लावून घेतले असेल तर तेही कोठे दिसत नाही.

गोटमारीत किती जण जखमी झाले, हा आकडा दरवर्षी त्याच संध्याकाळी वृत्तसंस्थांकडे पोचलेला असतो. साथीत किती गेले, हा आकडा मात्र त्याच गावाला आजतागायत मिळालेला नाही.

यामागे एक साधे कारण आहे, आणि ते आपल्याला जवळचे आहे. पांढुर्ण्याचा माणूस अत्यवस्थ झाला की त्याला नागपूरला नेतात. दिल्ली-नागपूर लोहमार्गावरचे हे गाव. दीड-दोन तासांत नागपूर गाठता येते. मार्च २०२१ मध्ये मध्य प्रदेश सरकारने महाराष्ट्राकडील बसगाड्या बंद केल्या, पण आजाऱ्यांची वाट काही त्यामुळे बदलली नाही. आपल्याकडे सावंतवाडी, बांदे, दोडामार्गचा रुग्ण बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात येतो, तसेच हे. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्याप्रमाणे मृत्यूची नोंद जेथे प्राण गेला तेथे होते, माणूस राहत होता तेथे नव्हे. नागपूरच्या दैनिक पत्रकात शहर व ग्रामीण यांच्याखाली ‘जिल्ह्याबाहेरील’ असा एक रकाना असे. पांढुर्ण्याचे व सौंसरचे कितीतरी मृत्यू या एका रकान्यात, गावाच्या नावाशिवाय, जाऊन बसले. नागपूरने त्यांना परके म्हटले आणि स्वतःच्या राज्याच्या नोंदवहीत ते आलेच नाहीत. सिंधुदुर्गातून बांबोळीला येऊन दगावलेल्यांच्या बाबतीत याहून निराळे घडले असेल, असे मानण्याचे कारण नाही.

जे मृत्यू घरीच झाले, त्यांचा हिशेब त्याहून बिकट. एप्रिल २०२१ मध्ये भोपाळच्या स्मशानांत दिवसाला जितक्या चिता कोविडच्या नियमाने पेटत होत्या, त्यांच्याशी सरकारी पत्रकाचा मेळ बसेना, हे देशभर गाजले. पुढे नागरी नोंदणीचेच आकडे बाहेर आले. जानेवारी ते मे २०२१ या पाच महिन्यांत मध्य प्रदेशात नेहमीच्या मानाने सुमारे १ लाख ९० हजार मृत्यू अधिक नोंदले गेले होते. त्याच काळातील सरकारी कोविडमृत्यू होते ४,४६१. दोहोंतील अंतर चाळीसपटीहून अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातील २०२० व २०२१ चे जादा मृत्यू ४७ लाखांच्या घरात धरले, तेव्हा केंद्र सरकारने ती पद्धतच अमान्य केली. मे २०२५ मध्ये मात्र केंद्राच्याच अहवालाने २०२१ साली १ कोटी २ लाख मृत्यूंची नोंद झाल्याचे दाखविले. आदल्या वर्षी ती ८१ लाख होती. या वाढीतला काही भाग नोंदणी सुधारल्याचा असेल, हे आम्ही मान्य करतो. सगळा भाग तसा असेल, हे कोणी समंजस माणूस मान्य करणार नाही.

असा घोळ या मुलखाला नवा नाही. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांत मध्य प्रांत व वऱ्हाड यांची गणना होते. त्या वेळी गावचा कोटवार जन्म-मृत्यूची वही घेऊन ठाण्यावर जाई आणि तेथून आकडे वर सरकत. साथीने नोंद करणाऱ्यांनाच गाठले आणि ती यंत्रणा देशभर कोलमडली. सरकारचा पहिला अंदाज साठ-सत्तर लाखांचा होता. खरी व्याप्ती कळली ती १९२१ च्या जनगणनेने. दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी किंचित घटल्याचे तिने दाखविले, आणि साथीतील मृत्यूंचा अंदाज सव्वा कोटीच्या घरात गेला. नंतरच्या अभ्यासकांनी तो पावणेदोन कोटींपर्यंत नेला. परकी राजवट होती, लोकांविषयी तिला माया नव्हती, पण दर दहा वर्षांनी माणसे मोजण्याचे तिने चुकविले नाही. २०२१ च्या साथीनंतर हिशेब लावायला जी जनगणना हवी होती, ती झालीच नाही. १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरविणारी अधिसूचना निघायला जून २०२५ उजाडला.

जनगणना नाही म्हणजे भागाकारातला भाजकच नाही. गोव्याने सप्टेंबर २०२१ मध्ये सर्व पात्र लोकांना पहिला डोस दिल्याचे, म्हणजे शंभर टक्के काम झाल्याचे, अभिमानाने जाहीर केले. शंभर टक्के कशाचे, तर २०११ च्या आकड्यांवरून मांडलेल्या अंदाजाचे. पहिला डोस घेणारे त्यानंतरही येतच राहिले, यातच त्या अंदाजाची किंमत कळते. आमच्या आरोग्यसेविकांनी केलेल्या कामाला यामुळे उणेपणा येत नाही. उणेपणा आहे तो शंभराच्या आकड्यावर समाधान मानणाऱ्यांचा.

आता ज्याविषयी सर्वाधिक बोलले जाते आणि सर्वांत कमी ठाऊक आहे, त्या प्रश्नाकडे वळू. कोणत्या समाजाने लस घेतली आणि कोणत्या समाजाने घेतली नाही? चौकाचौकांत याचे उत्तर तयार आहे. आदिवासी घाबरले, मुसलमानांनी नाकारली, अमक्या जातीने पाठ फिरविली. वस्तुस्थिती अशी की ‘कोविन’ या नोंदणीत वय होते, स्त्री-पुरुष भेद होता, केंद्राचे ठिकाण होते. जात व धर्म नव्हता. म्हणजे समाजवार आकडा कोणापाशीच नाही. जे आहे ते गावांवरून बांधलेले अनुमान.

अशा अनुमानाची गंमत पाहा. जून २०२१ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले की देशातील १७६ आदिवासी जिल्ह्यांपैकी १२८ जिल्हे लसीकरणात राष्ट्रीय सरासरीच्या पुढे आहेत. ऐकायला बरे वाटते. पण आदिवासी जिल्ह्यात टोचलेली प्रत्येक लस आदिवासीच्याच दंडावर टोचली, हे कशावरून? त्याच सुमारास मुंबई-ठाण्याकडील तरुण मोबाइलवर जागा पकडून पालघरच्या ग्रामीण केंद्रांवर जात होते आणि तेथला आदिवासी रांगेच्या कडेला उभा होता. ती लस खात्यावर पडली आदिवासी जिल्ह्याच्या. छिंदवाड्यासारख्या जिल्ह्यात तहसीलच्या गावी राहणाऱ्याने प्रथम लस घेतली आणि रानातल्या पाड्याची पाळी शेवटी आली, तरी जिल्ह्याची टक्केवारी चांगलीच दिसणार.

भीती होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. उज्जैन जिल्ह्यातील मालीखेडी गावात मे २०२१ मध्ये लसीकरणाच्या पथकावर हल्ला झाला. पांढुर्ण्याला लागून असलेल्या बैतूल जिल्ह्यातील डुलारिया गावच्या लोकांशी पंतप्रधानांना २७ जून २०२१ रोजी आकाशवाणीवरून बोलावे लागले, कारण लस घेतली की माणूस मरतो अशी वदंता तेथे पसरली होती. परंतु सरकारी सुईचे भय आज जन्मलेले नाही. देवी काढणारा आला की मुले लपविणाऱ्या आज्या आपल्याही घरांत होत्या. १९७५ ते ७७ या काळात नसबंदीच्या शिबिरांत कोणाला कसे ओढून नेले, हे गरीब वस्त्या विसरलेल्या नाहीत. त्यातच एक दिवसाची मजुरी बुडवून केंद्रावर जायचे, ताप आला तर दुसऱ्या दिवसाचीही बुडवायची, आणि समजावून सांगणारा बोलणार हिंदीत. गोंडाच्या घरी गोंडी, कुणब्याच्या घरी मराठी. याला नकार म्हणायचे की अडचण म्हणायचे, ते विचारल्यावाचून कळत नाही. विचारणारा गावात पोचला होता काय, हा पहिला प्रश्न.

नोव्हेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी मुस्लिमबहुल भागांत लसीविषयी संकोच दिसतो असे सांगून सलमान खान यांचे साह्य घेण्याचा मनोदय व्यक्त केला होता. हेतू चांगला होता. पण संकोच दूर करायचा तर ज्या मोहल्ल्यात आकडा कमी आहे तेथील दवाखाना किती वाजता उघडतो, तेथे स्त्री लसटोचक आहे काय, हेही पाहावे लागते. नटाचे आवाहन स्वस्त पडते, एवढेच.

आणि येथे आपल्या वाचकांपुढे एक अप्रिय गोष्ट ठेवलीच पाहिजे. धर्माची नोंद होत नाही असे आपण म्हणतो, तेव्हा एप्रिल २०२० आठवावा. त्या महिन्यात आरोग्य मंत्रालयाच्या दैनंदिन निवेदनांत तबलिगी जमातीशी संबंधित रुग्णांची वेगळी बेरीज दिली जात होती. १८ एप्रिलला देशातील १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१. पुढे ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा बनविल्याबद्दल कडक शब्दांत ताशेरे मारले. दोष देण्याची वेळ होती तेव्हा समाज मोजता आला. लस पोचविण्याची वेळ आली तेव्हा मोजता येईना. ही गोष्ट हिंदूंनीही मनाला लावून घ्यावी, कारण मोजणीचा रोख उद्या कोणाकडेही वळू शकतो.

समाजवार मोजणी करूच नये, असे मात्र आमचे म्हणणे नाही. इंग्लंडच्या सांख्यिकी कार्यालयाने जनगणनेच्या नोंदी मृत्यूंशी व लसीकरणाशी जोडून वंशवार आणि धर्मवार आकडे प्रसिद्ध केले. लंडन-लेस्टरच्या मराठी कुटुंबांनाही आपला समावेश असलेल्या ‘भारतीय’ व ‘हिंदू’ या गटांची स्थिती त्यांत वाचायला मिळाली. आफ्रिकी, कॅरिबियन व पाकिस्तानी वस्त्यांत लस कमी जाते असे दिसताच चर्च व मशिदींतून केंद्रे उघडली गेली. तेथे कोणाची छायाचित्रे छापून बोटे दाखविली गेली नाहीत असे नव्हे. पण मोजणीमागोमाग लस गेली.

पांढुर्णा जिल्ह्याला हे आजही करता येण्यासारखे आहे. जिल्हा लहान आहे. कोटवाराला गावातले घर न् घर ठाऊक असते, ग्रामपंचायतीची नोंदवही आहे, आशा कार्यकर्तीजवळ लसीच्या याद्या आहेत. २०२० व २०२१ या दोन वर्षांत गावातून कोण गेले, कोठे गेले, त्याला लस मिळाली होती काय, हे गाववार लिहून काढावे. नागपूर महानगरपालिकेकडून मध्य प्रदेशचा पत्ता असलेल्या मृतांची यादी मागवावी. दोन राज्य सरकारांमधील एका पत्राचे ते काम आहे.

हा केवळ इतिहासाचा प्रश्न नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्य केलेले ५० हजार रुपयांचे साह्य कोविडमृत्यूच्या दाखल्यावर अवलंबून होते. चाचणीनंतर तीस दिवसांच्या आत मृत्यू, ही अट होती. मध्य प्रदेश सरकारने अनाथ झालेल्या मुलांना जाहीर केलेले दरमहा पाच हजारांचे वेतनही कागदावरच मिळणारे. ज्यांची चाचणीच झाली नाही, जे घरी खाटेवर गेले, त्यांची विधवा आणि मुले पहिल्या साह्याच्या दाराबाहेर राहण्याची भीती होती. वर्षाहून अधिक काळ नोंद न झालेल्या मृत्यूची नोंद करून घेण्यास पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. २०२३ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला, आणि ही दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आली. त्याच महिन्यात पांढुर्ण्यात जिल्हाधिकाऱ्याची कचेरी उघडली. अर्ज घेऊन आता कोणाला छिंदवाड्याला जावे लागत नाही. अर्ज मराठीत लिहून आणला तरी तो वाचून घेणारा एक कारकून त्या कचेरीत बसविला, तर काम याच वर्षी सुरू होईल.