डबीवरची अक्षरे

अभिधा, लक्षणा आणि व्यंजना या तीन शब्दशक्ती मराठीच्या तासाला शिकताना, परीक्षेपलीकडे त्यांचा कधी उपयोग होईल असे वाटले नव्हते. तो झाला एका मलमाच्या नळीमुळे.

घरात ताईचे लग्न ठरले होते. चार फोटोंत आपणही बरे दिसावे म्हणून औषधांच्या दुकानातून मी चेहरा उजळण्याचे मलम आणले. दुकानदाराने काही विचारले नाही, मीही नाही. महिन्याभरात चेहरा खरेच उजळला. लग्नानंतर मलम बंद केले आणि आठवड्यात गाल लालबुंद झाले. उन्हात आग होई, पुटकुळ्या उठत. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी नळी पाहिली आणि एवढेच विचारले, "हे वाचलं होतंस का?" नळीवर 'मोमेटासोन' हे नाव होते. हे स्टेरॉइड. खाली बारीक अक्षरांत, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, अशी सूचना होती. साहित्याची विद्यार्थिनी मी, आणि चार ओळी वाचल्या नव्हत्या!

त्यानंतर घरात येणारी प्रत्येक डबी वाचायचा नादच लागला. ध्यानात आले की या शब्दांच्या दोन जाती आहेत.

पहिली जात अभिधेची. या शब्दांना ठरलेला अर्थ असतो, तो मोजता येतो. साबणाच्या वेष्टनावरचे 'टीएफएम' म्हणजे साबणातील एकूण स्निग्ध पदार्थांचे प्रमाण. भारतीय मानकानुसार पहिल्या प्रतीच्या अंगाच्या साबणात ते किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० आणि तिसऱ्या प्रतीत ६० टक्के असावे लागते. 'बाथिंग बार' असे छापलेली वडी मात्र या प्रतवारीत येत नाही. तिचे मानक वेगळे. 'पीएच' हे आम्लतेचे माप. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, वर आम्लारी. निरोगी त्वचा ५ च्या आसपास, म्हणजे किंचित आम्ल असते. नेहमीचा साबण ९ ते १०. तोंड धुतल्यावर त्वचा ओढल्यासारखी होते ती यामुळेही.

'एसपीएफ' हा आकडा उन्हाने त्वचा भाजण्यापासून मिळणाऱ्या संरक्षणाचा, म्हणजे मुख्यतः 'यूव्हीबी' किरणांपुरता. ३० आकड्याचे मलम असे सुमारे ९७ टक्के किरण अडवते आणि ५० चे सुमारे ९८ टक्के. आकडा दीडपटीहून मोठा, फरक एका टक्क्याचा! तोही मलम भरपूर लावले आणि दर दोन तासांनी पुन्हा लावले तर. 'पीए'पुढील अधिकच्या खुणा 'यूव्हीए' या दुसऱ्या जातीच्या किरणांसाठी असतात.

'मॉइश्चरायझर' या शब्दाचा मला फार धाक होता. पण त्यातली युक्ती आजीला ठाऊक होती. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते. पेट्रोलियम जेली ते उडू देत नाही. हिवाळ्यात भेगाळलेल्या टाचांना आजी कोकमतेल चोळी, तेही याच दुसऱ्या कामासाठी.

दुसरी जात व्यंजनेची. हे शब्द सांगत काहीच नाहीत, सुचवतात मात्र पुष्कळ. 'हायपोअलर्जेनिक' वाचून वाटते की याने कोणालाच त्रास होत नाही. अमेरिकेत १९७५ साली सरकारने या शब्दासाठी चाचणीची अट घातली. काही कंपन्या न्यायालयात गेल्या आणि १९७७ साली अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला. तेव्हापासून तिथे या शब्दाला कायदेशीर व्याख्याच नाही. 'डर्मटॉलॉजिस्ट टेस्टेड' म्हणजे त्वचारोगतज्ज्ञांनी तपासलेले. ठीक, पण किती जणांवर? आणि निष्कर्ष काय निघाला? शब्द गप्प. 'नॅचरल' म्हणाल तर बिब्बाही नैसर्गिकच आहे. त्याचा डाग अंगावर उठला म्हणजे कळते.

मग विश्वास कशावर ठेवावा? डबी उलटी करावी. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने छापावेत, असा सौंदर्यप्रसाधनांसाठी आपल्याकडे नियम आहे. समोर केशराचे ठसठशीत चित्र आणि मागच्या यादीत केशर अगदी शेवटी, असे दिसले की काय ते समजावे. आणि कोपऱ्यात 'आरएक्स' ही खूण किंवा 'शेड्यूल एच' हे शब्द असतील, तर ते प्रसाधन नव्हे, औषध आहे. त्वचेवर लावण्याची चौदा स्टेरॉइडे २०१८ साली या यादीत आणली गेली. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही नावे तरी मैत्रिणींनो, पाठच करून ठेवा. आणि अशी नळी आधीपासून वापरात असेल, तर ती मनाने बंदही करू नका. आधी डॉक्टर गाठा.

माझा चेहरा निवळायला आठ महिने लागले. परवा मावसबहीण एक नळी घेऊन आली. पुढच्या महिन्यात तिला बघायला येणार आहेत. "ही लावली तर गोरी होईन का गं?" तिने विचारले. मी काही न बोलता नळी उलटी केली, तिला खिडकीपाशी उजेडात नेले आणि म्हटले, "मोठ्याने वाच."

(द्वितीय वर्ष, कला)