मूळ चिरले म्हणजे दात गेलाच का?

आरोंद्याच्या बौद्धवाडीत आम्ही आरोग्याच्या बैठकीला बसलो की दाताचा विषय निघतो तो अगदी शेवटी, उठता उठता. गेल्या पावसाळ्यात एक ताई गालाला पदर लावून बसल्या होत्या. खालच्या दाढेचे रूट कॅनल दोन वर्षांपूर्वी झाले होते, पण कॅप बसवायची राहून गेली. त्या महिन्यात मुलीची फी भरायची होती. पुढे एकदा कुर्लीचा डेंगा फोडताना 'कट्' असा आवाज आला. मग हिरडीवर पुळी. मेडिकलमधून तीनदा गोळ्या आणल्या. पुळी बसायची आणि पुन्हा वर यायची. एका दवाखान्यात मूळ चिरले म्हणून दाढ काढायला सांगितले. ताई म्हणाल्या, "एक दात गेलो तर काय झाला?"

आम्ही म्हटले, थांबा. काढलेला दात परत बसत नाही. शेजारचे दात रिकाम्या जागेत कलतात, समोरचा लांबतो, चावणे एका बाजूवर येते. आपल्या वस्तीत चाळिशीतल्या किती बायका एकाच बाजूने जेवतात, बघा.

मूळ चिरण्याचे प्रकार वेगळे आणि उपायही वेगळे. पोर पडले, समोरच्या दाताला मार बसला आणि मूळ आडवे मोडले, तर दात जागेवर बसवून शेजारच्या दातांना साधारण चार आठवडे बांधून ठेवतात. मोड हिरडीजवळ असेल तर त्याहून जास्त. असे दात पुष्कळदा टिकतात. म्हणून हलतो म्हणून ओढू नका, त्याच दिवशी दाखवा.

उभी चीर कठीण. ती बहुधा रूट कॅनल झालेल्या दातात पडते. साध्या एक्स-रेत ती अनेकदा दिसतच नाही. डॉक्टर बारीक सळईने हिरडी तपासतात. एकाच ठिकाणी ती खोल गेली तर संशय पक्का होतो. चावून सोडताना कळ येणे, तीच पुळी पुन्हा येणे या खुणा घरीही कळतात.

खालच्या दाढेला बहुधा दोन मुळे असतात, वरच्या दाढेला तीन. एकच मूळ चिरले असेल आणि बाकीच्याभोवती हाड चांगले असेल, तर हिरडी उघडून तेवढेच मूळ कापून काढतात आणि उरलेल्या भागावर कॅप बसवतात. एकाच मुळाच्या दाताला ही सोय नाही. तिथे दात अलगद बाहेर काढून, चीर दाताच्या खास सिमेंटने सांधून, लगेच परत जागेवर बसवण्याची पद्धत आहे. जपानी दंतवैद्यांनी तिच्यावर बरेच काम केले आहे. पण ती सगळीकडे होत नाही आणि यशाची खात्री कोणी देत नाही. चीर मुळाच्या टोकापर्यंत गेली, पू धरला, हाड झिजले, तर दात काढणेच बरे. तो ठेवला तर हाड आणखी झिजते. उगाच आशा दाखवणे आम्हाला पटत नाही.

ही कामे साध्या दवाखान्यात सहसा होत नाहीत. आरोंद्याहून किरणपाणीचा पूल ओलांडला की गोवा, आणि बांबोळीला गोवा डेंटल कॉलेज आहे. परराज्यातल्यांना दर वेगळा असू शकतो, म्हणून केसपेपर काढतानाच विचारा. मुंबईत नातेवाईक असतील तर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला नायरचे. रांग बघून उभे राहा. दात काढायच्या रांगेत उभे राहिलात तर दातच निघेल. रूट कॅनलचा विभाग विचारा. जुने एक्स-रे सोबत न्या, मधुमेह किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा. आणि हे तीन प्रश्न विचारा: चीर आडवी की उभी? किती मुळे चिरली? बाकीचे वाचेल का?

रूट कॅनलनंतर दाढेला कॅप लागतेच, तो खर्च सुरुवातीलाच धरा. सुपारी, बाटलीचे झाकण, कुर्लीचे डेंगे यांना दात लावू नका. डेंगे फोडायला वरवंटा आहे.

ताईंचे पुढचे मूळ चिरले होते, मागचे चांगले होते. चार फेऱ्या झाल्या, दोन दिवसांची मजुरी बुडाली. आता अर्ध्या दाढेवर कॅप आहे आणि भाकरी त्या दोन्ही बाजूंनी चावतात.